हरलेल्याच्या नावाचे बेट

हिरोशिमाहून इवाकुनीला जाणाऱ्या लोकल गाडीत बसलो, तेव्हा माझ्या मनात एकच माणूस होता : सासाकी कोजिरो. जपानी तलवारबाजीच्या कथांत मियामोतो मुसाशीचे नाव निघाले की त्याच्या पाठोपाठ कोजिरोचे नाव येतेच. मुसाशीच्या हातून मेलेला हा देखणा तरुण पाठीवर लांबलचक तलवार बांधून फिरत असे आणि त्या तलवारीला लोक ‘मोनोहोशिझाओ’, म्हणजे कपडे वाळत घालायची काठी म्हणत. उडता भिंगरी पक्षी गिरकी घेऊन मागे फिरतो तसा उलटून येणारा ‘त्सुबामे-गाएशी’ हा वार त्याच्या नावावर सांगितला जातो. या माणसातला खरा किती आणि रचलेला किती, हे त्याच्या नावाने दाखवल्या जाणाऱ्या जागांवर उभे राहून पाहावे, या एकाच हेतूने मी पश्चिम जपानसाठी चार दिवस राखून ठेवले होते.

इवाकुनीत निशिकी नदीवर पाच कमानींचा किंताई पूल आहे. मी आधी नदीच्या गोट्यांवर उतरून पुलाखाली गेलो. एकावर एक थोड्या थोड्या पुढे सरकवलेल्या तुळया दोन्ही बाजूंनी येऊन मध्यावर भेटतात. मान वर करून बघताना सुताराचा हिशेब डोळ्यांना दिसतो. काठावर कोजिरोच्या नावाचा एक वाळुंज आहे आणि पलीकडच्या किक्को उद्यानात तलवार उपसलेला त्याचा पुतळा. याच पुलापाशी भिंगऱ्यांवर वार करता करता त्याला तो डाव साधला, असे सांगतात. पण हा पूल किक्कावा हिरोयोशी या सरदाराने बांधला तो १६७३ मध्ये आणि कोजिरोचा अंत मानला जातो १६१२ मध्ये. इवाकुनी ही त्याची जन्मभूमी झाली ती योशिकावा एइजी यांच्या कादंबरीमुळे, जी १९३५ ते १९३९ या काळात वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. कादंबरीतल्या माणसासाठी एका गावाने झाड आणि पुतळा इतक्या मायेने जपावा, याचे मला फार अप्रूप वाटले.

तिथून शिमोनोसेकीला आलो. मुसाशी आणि कोजिरो यांचे द्वंद्व जिथे झाले असे सांगतात, त्या बेटावर कारातो धक्क्यावरून लहान लाँच दहाएक मिनिटांत नेते. कानमोन सामुद्रधुनीचे पाणी भरती-ओहोटीबरोबर दिशा बदलते आणि ओढ इतकी असते की लाँचचे नाक सरळ धरून ठेवणे हेच चालकाचे काम होऊन बसते. बेटाचे मूळ नाव फुनाशिमा. लोक मात्र त्याला गानऱ्यूजिमा म्हणतात आणि ‘गानऱ्यू’ हे कोजिरोच्या तलवारविद्येच्या परंपरेचे नाव, म्हणजे एका अर्थी त्याचेच नाव. लढाई जिंकली मुसाशीने, पण बेट ओळखले जाते हरलेल्याच्या नावाने.

भर टाकून वाढवलेल्या या सपाट बेटावर आज कोणी राहत नाही. एक वल्हे उगारलेला आणि एक लांब पाते पेललेला, असे दोन पुतळे समोरासमोर उभे आहेत. खाली वाळूत जुन्या घडणीची एक लाकडी होडी ठेवली आहे. होडीच्या कडेवरून हात फिरवताना लहानपणापासून वाचलेली गोष्ट आठवली : मुसाशी मुद्दाम उशिरा आला, वाटेत वल्हे तासून त्याने लाकडी तलवार केली आणि चिडलेल्या कोजिरोच्या डोक्यात ती घातली. हे सगळे ‘नितेन्की’ या मुसाशीच्या चरित्रात आहे आणि ते १७७६ चे, म्हणजे बखरीसारखे, घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिलेले. तेच कोजिरोला तोदा सेइगेन या तलवारबाजाचा शिष्य म्हणते आणि मरतेवेळी तो अठरा वर्षांचा होता असेही सांगते. पण सेइगेन सोळाव्या शतकाच्या मध्यातला असल्याने या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही.

मला जास्त अस्वस्थ केले ते १६७२ च्या ‘नुमाता काकी’ या नुमाता घराण्याच्या दप्तराने. त्यात लिहिले आहे की दोघांनी शिष्य न आणण्याचे ठरवले होते; कोजिरोने शब्द पाळला, मुसाशीचे शिष्य मात्र लपून आले, आणि पडलेला कोजिरो शुद्धीवर येताच त्यांनीच त्याला संपवले. पुढे मुसाशीला आश्रय मिळाला तो समोरच्या मोजी किल्ल्यात. हे दप्तर त्याच किल्लेदाराच्या घराण्याचे, म्हणून ते सहज बाजूला सारता येत नाही. पुतळ्यांपासून थोडे दूर १९१० मध्ये उभारलेला कोजिरोचा साधा स्मृतिस्तंभ आहे. तिथे मी बराच वेळ थांबलो.

शेवटचा दिवस कोकुराचा. तिथल्या तामुके टेकडीवर मुसाशीचा दत्तक पुत्र इओरी याने १६५४ मध्ये, वडिलांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी उभारलेली दगडी शिळा आहे. हा या द्वंद्वाचा सर्वांत जुना लेखी पुरावा. स्वतः मुसाशीने ‘गोरिन नो शो’ या ग्रंथात साठाहून अधिक लढती जिंकल्याचे लिहिले, पण या बेटाचा किंवा कोजिरोचा त्यात उल्लेखही नाही. शिळेवर हजाराहून अधिक अक्षरे दाटीने कोरलेली आहेत. दोघे एकाच वेळी आले, एकाकडे तीन शाकूंचे, म्हणजे सुमारे नव्वद सेंटिमीटरचे पाते होते, दुसऱ्याने लाकडी तलवारीने त्याला मारले, एवढेच ती सांगते. उशीर नाही, भिंगरी नाही, सासाकी नाही, कोजिरोही नाही. त्याला नाव आहे ते फक्त ‘गानऱ्यू’.

‘गानऱ्यू’ची ती दोन जपानी अक्षरे मी कागदावर मोठी लिहून नेली होती. कागद डोळ्यांसमोर धरून एकेक ओळ वरून खाली उतरत गेलो. उन्हात अक्षरांच्या कडा पुसट दिसत होत्या, दोनदा ओळ चुकली. तिसऱ्या खेपेला ती सापडली. टेकडीवरून खाली सामुद्रधुनी दिसत होती आणि पाण्यात ते चपटे बेटही.