धरणारा आणि सोडणाराही द्रव

प्रयोगशाळेत अनेक वर्षे मी अणुशोषण वर्णपटमापकावर, म्हणजे द्रावणातल्या धातूंचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर, काम केले. या यंत्राच्या ज्योतीला ॲसिटिलीन लागते, आणि ॲसिटिलीनच्या सिलिंडरविषयी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक विचित्र वाटणारा नियम सांगितला जातो : काटा शून्यावर येण्याची वाट पाहायची नाही, सिलिंडरमधला दाब ५ ते ७ बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) उतरला की सिलिंडर बदलायचा. मी सुरुवातीला हा नियम उधळपट्टीचा समजून एकदा मोडला. तासाभरात ज्योत थरथरू लागली, कॅल्शियमचे एकच द्रावण दर वेळी निराळा आकडा दाखवू लागले आणि नळीच्या तोंडाशी नखरंग पुसण्याच्या द्रवाचा ओळखीचा वास आला. सिलिंडरमधले ॲसिटोन वायूबरोबर बाहेर येऊ लागले होते.

घातक वायू साठवण्यासाठी द्रवाचा उपयोग कसा होतो याविषयी मी त्यानंतरच गंभीरपणे वाचू लागलो.

ॲसिटिलीन नुसते दाबून भरता येत नाही. मोकळ्या अवस्थेत वातावरणाहून साधारण एक बार अधिक दाबाच्या वर ते भरवशाचे राहत नाही. ऑक्सिजनचा अंशही नसताना त्याचे कार्बन आणि हायड्रोजन यांत स्फोटक विघटन होऊ शकते. म्हणून सिलिंडरच्या पोटात सच्छिद्र पदार्थ ठासून भरतात, त्यात ॲसिटोन जिरवतात आणि त्या ॲसिटोनमध्ये ॲसिटिलीन विरघळवतात. १५ अंश सेल्सिअस तापमानाला आणि वातावरणाच्या दाबाला एक लिटर ॲसिटोन सुमारे २५ लिटर ॲसिटिलीन सामावून घेते आणि दाब वाढवला की हा आकडाही वाढत जातो. स्वीडनचे गुस्ताफ डालेन यांनी हादऱ्यांनी न भंगणारा सच्छिद्र भराव तयार केला आणि दीपगृहांसाठी आपोआप चालणारे वायुनियंत्रक बनवले, ज्यासाठी त्यांना १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या साठ्यावर चाचणी करताना झालेल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. या वायूची प्रकृती याहून स्पष्ट शब्दांत सांगता येईल असे मला वाटत नाही.

या पद्धतीत दोन उणिवा आहेत. पहिली अशी की ॲसिटोन वायूला केवळ विरघळवते, त्याच्याशी बंध जोडत नाही. त्यामुळे पुरेसा साठा करायचा तर दाब लागतोच आणि भरलेला सिलिंडर १५ बारच्या आसपास असतो. दुसरी उणीव मी नाकाने अनुभवली : २० अंशांना ॲसिटोनचा स्वतःचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, सुमारे १८५ टॉर असतो. वातावरणाचा दाब ७६० टॉर धरला, तर त्या दाबाला ॲसिटोनवरून येणाऱ्या वायूचा जवळजवळ चौथा हिस्सा ॲसिटोनच असणार. वेल्डिंगला ते कदाचित चालून जाईल, पण जिथे वायूची शुद्धता दशलक्षांशात मोजतात तिथे हा विचारही करता येत नाही.

अशी जागा म्हणजे अर्धवाहकांचा कारखाना. सिलिकॉनमध्ये आर्सेनिक, फॉस्फरस किंवा बोरॉनचे अणू घुसवण्यासाठी, म्हणजे आयनरोपणासाठी, आर्सिन, फॉस्फिन आणि बोरॉन ट्रायफ्लोराइड हे वायू वापरतात. आर्सिन लाल रक्तपेशी फोडते. कामाच्या जागी त्याची मर्यादा अमेरिकेच्या नियमांनुसार ०.०५ पीपीएम (दशलक्षांश) आहे. जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी ३ पीपीएम आहे. आणि त्याचा लसणासारखा वास साधारण ०.५ पीपीएमला जाणवू लागतो, म्हणजे वास येईपर्यंत मर्यादा दहापट ओलांडलेली असते. १० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि साडेतीन मीटरांहून किंचित कमी उंच खोलीत ३ पीपीएमची पातळी गाठायला एक लिटर आर्सिन पुरते. सामान्य तापमानाला द्रवरूप आर्सिनच्या सिलिंडरमध्ये दाब सुमारे १५ बार आणि फॉस्फिनच्या सिलिंडरमध्ये ३० बारहून अधिक असतो. बोरॉन ट्रायफ्लोराइडचे क्रांतिक तापमान (ज्याच्या वर कितीही दाबले तरी वायूचा द्रव होत नाही) शून्याखाली १२ अंश असल्याने ते खोलीच्या तापमानाला द्रवरूप होतच नाही, त्यामुळे ते उच्च दाबाने कोंबावे लागते. अशा सिलिंडरची झडप सैल झाली, तर आतला दाब वायूला बाहेर ढकलतच राहतो.

यावरची कल्पना मुळात साधी आहे : सिलिंडरमधला दाबच वातावरणाहून कमी ठेवायचा. मग गळती झाली तरी आधी बाहेरची हवा आत शिरेल, आतला वायू लोटला जाणार नाही. पण दाब कमी म्हणजे वायूही कमी, आणि एक लिटरच्या रिकाम्या भांड्यात वातावरणाच्या दाबाला एक लिटरच वायू मावतो. म्हणून भांड्यात वायूला धरून ठेवणारे काहीतरी हवे. १९९० च्या दशकात ॲक्टिव्हेटेड कार्बन किंवा झिओलाइट या सच्छिद्र घन पदार्थांवर वायू अधिशोषित करून, म्हणजे पृष्ठभागावर धरून, ठेवणारे सिलिंडर या उद्योगात रुळले. द्रवाचा विचार त्यानंतर आला, आणि तो द्रव वायूला नुसता विरघळवणारा नव्हे, त्याच्याशी उलटसुलट होऊ शकणारी अभिक्रिया करणारा हवा, असे ठरले.

या कामासाठी निवडला गेलेला द्रव म्हणजे आयनिक द्रव, सामान्य तापमानाला वितळलेल्या अवस्थेत असणारे मीठ. (ही जातही जुनीच आहे; पॉल वाल्डेन यांनी १२ अंशांच्या आसपास वितळणाऱ्या इथिलअमोनियम नायट्रेटचे वर्णन १९१४ मध्येच केले होते.) मिठाला बाष्पदाब जवळजवळ नसतोच, त्यामुळे ॲसिटोनचे दुखणे मुळातूनच जाते. एअर प्रॉडक्ट्स या कंपनीच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात दोन द्रवांची गाठ दोन वायूंशी घातली होती. बोरॉन ट्रायफ्लोराइडला इलेक्ट्रॉनांची जोडी हवी असते, म्हणून त्याला टेट्राफ्लोरोबोरेट आयन असलेला द्रव दिला. या आयनातला फ्लोरीनचा अणू बोरॉन ट्रायफ्लोराइडमधल्या बोरॉनला बिलगतो आणि दोन बोरॉनांचा एक मोठा आयन तयार होतो. फॉस्फिनकडे उलट इलेक्ट्रॉनांची जोडी देण्यासारखी असते, म्हणून त्याच्यासाठी ती जोडी स्वीकारणारा, क्युप्रस क्लोराइड या तांब्याच्या क्षारापासून बनवलेला द्रव घेतला. एका वायूला एकच द्रव मानवतो. हे मला मर्यादेइतकेच बलस्थानही वाटते, कारण वायूबरोबर आलेल्या अशुद्धीशी द्रवाचे तसे नाते जुळेलच असे नाही.

साठा किती होतो याचा अंदाज कागदावरही करता येतो. ब्युटिल-मिथिल-इमिडाझोलियम टेट्राफ्लोरोबोरेटचा रेणुभार २२६ आणि घनता पाण्याच्या सुमारे १.२ पट, म्हणजे एका लिटरमध्ये साधारण ५.३ मोल (मोल हे रेणूंची संख्या मोजण्याचे एकक). प्रत्येक आयनाने वायूचा एक रेणू धरला, तर २५ अंशांना आणि वातावरणाच्या दाबाला १३० लिटर भरणारा वायू त्या एका लिटरमध्ये बसेल. ही वरची सीमा झाली. प्रत्यक्षात काही जागा रिकाम्याच राहतात.

नवखा वाचक इथे हमखास म्हणतो, की मग वायूला आणखी घट्ट धरणारा द्रव घ्या, म्हणजे धोका आणखी कमी होईल. मीही तसेच समजत होतो, पण एकदा हिशेब मांडला आणि समजूत उलटली. समजा सिलिंडर ७६० टॉरला भरला आणि २० टॉरखाली यंत्र वायू ओढू शकत नाही. एका जागेला एक रेणू हे सर्वांत साधे समीकरण घेतले, तर निम्म्या जागा ज्या दाबाला भरतात तो दाब या दोन आकड्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १२३ टॉर असला, की सर्वाधिक वायू वापरता येतो : भरताना ८६ टक्के जागा भरतात, शेवटी १४ टक्के भरलेल्या राहतात आणि मधले ७२ टक्के हाती येतात. आता बंध शंभरपट घट्ट करा. भरताना ९९.८ टक्के जागा भरतील आणि भरणारा खूश होईल. पण २० टॉरलाही ९४ टक्के जागा भरलेल्याच राहतील आणि वापरणाऱ्याच्या हाती जेमतेम साडेपाच टक्के पडतील. बंध शंभरपट सैल केला तरीही हातात तेवढेच, फरक इतकाच की या वेळी मुळात भरलेच गेलेले नसते. घट्ट धरणाऱ्या द्रवाचे कौतुक करणारा लेख दिसला, की मी आधी तो सोडतो किती हे शोधतो.

शरीरात हाच हिशेब अखंड चालू असतो. एक लिटर रक्तात नुसता विरघळलेला ऑक्सिजन ३ मिलिलिटर असतो आणि हिमोग्लोबिनला धरून असलेला २०० मिलिलिटरच्या आसपास. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटते, आणि विषबाधा होते ती या चिकटपणामुळेच.

बंधाला उष्णतेची बाजूही आहे, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. वायू धरला जाताना उष्णता बाहेर पडते आणि सुटताना ती द्रवातून खेचली जाते. बंध मोडायला मोलमागे ५० किलोजूल लागतात असे धरले, तर द्रव २५ वरून १५ अंशांपर्यंत थंड होताच त्यावरचा दाब निम्म्यावर येतो. म्हणजे वायू भराभर ओढायला गेले तर द्रव स्वतःच थंड होऊन हात आखडता घेतो. झडप तुटण्याच्या प्रसंगी हा आखडता हात वरदान ठरतो आणि नेहमीच्या कामात डोकेदुखी. मात्र हेच गणित उलट्या दिशेनेही चालते. त्याच बंधासाठी २५ अंशांना ७०० टॉर दाखवणारा सिलिंडर ५५ अंशांना सहापटीहून अधिक, म्हणजे पावणेसहा वातावरणांच्या आसपास दाब दाखवील. ‘वातावरणाहून कमी दाबाचा’ हे विशेषण खोलीच्या तापमानापुरतेच खरे असते. उन्हात उभ्या केलेल्या किंवा आगीत सापडलेल्या सिलिंडरला ते लागू पडत नाही, त्यामुळे सिलिंडरची भिंत आणि झडप उच्च दाबाला पुरेल अशीच घ्यावी लागते.

यानंतरची अडचण इतकी साधी आहे की ती कागदावर सुचतही नाही. वर हिशेबात घेतलेल्या आयनिक द्रवाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, २५ अंशांना पाण्याच्या सुमारे शंभरपट असते. पृष्ठभागावरचा वायू निघून जातो, खालचा वर यायला वेळ लागतो, आणि कपाटात बंद असलेला सिलिंडर कोणी ढवळत बसत नाही. त्यातच द्रवाच्या उंचीचा स्वतःचा दाब असतो. २३ सेंटिमीटर उंचीचा हा द्रव तळाशी २० टॉरची भर घालतो. पृष्ठभागावर दाब २० टॉर असेल, तेव्हा तळाशी तो ४० असतो, आणि तिथल्या वायूला बुडबुडा होऊन वर यायला पृष्ठभागावरच्या वायूहून अधिक जोर लावावा लागतो. नेहमीच्या सिलिंडरमध्ये हे २० टॉर कोणी विचारातही घेणार नाही, पण इथे खालची मर्यादाच तेवढी आहे. द्रवाचा थर उथळ ठेवणे किंवा तो सच्छिद्र आधारात पसरवणे हे उपाय त्यातूनच पुढे येतात, आणि डालेन यांचा भराव मला तेव्हा पुन्हा आठवतो.

बुडबुडे फुटताना उडणारे थेंब ही निराळी बाब आहे. बाष्पदाब नसला तरी थेंब वायूबरोबर वाहून जाऊ शकतात, म्हणून बाहेरच्या वाटेवर वायू जाऊ देणारा आणि द्रव अडवणारा सूक्ष्म छिद्रांचा पडदा लागतो. घन कार्बनला या उपद्व्यापाची गरज नसते, आणि प्रत्यक्ष कारखान्यात घन अधिशोषकांनी आधी पाय रोवले त्यामागे एवढे कारणही पुरेसे वाटते.

हवा आत शिरते आणि वायू बाहेर पडत नाही, या मुख्य भिस्तीचाही एकदा नीट विचार करायला हवा. आत शिरणाऱ्या हवेत ओलावा असतो, आणि बोरॉन ट्रायफ्लोराइड पाण्याशी तत्काळ अभिक्रिया करून क्षरणकारक आम्ले तयार करते. त्या हवेतला ऑक्सिजन क्युप्रस तांब्याला क्युप्रिक करतो आणि फॉस्फिन धरणाऱ्या जागा त्यामुळे कमी होत जातात. जागा कमी झाल्या, तर तेवढाच वायू आता अधिक दाबाने बसतो. म्हणजे ज्या गळतीपासून बचावाचा भरवसा होता, तीच गळती सावकाश का होईना, दाब वर नेऊ लागते. अशा सिलिंडरवरच्या दाबमापकाची नोंद वायू संपत आला का हे पाहण्यापुरती न ठेवता तो अकारण चढतोय का हे पाहण्यासाठीही ठेवावी, असे माझे मत आहे.

आणि वर काढलेले ते १४ टक्के. एक लिटर द्रवातला सर्वाधिक साठा १३० लिटरचा असेल, तर यंत्राने ओढणे थांबवल्यावरही द्रवात जवळजवळ १८ लिटर वायू शिल्लक असतो. काटा २० टॉर दाखवतो, तोटी उघडली तर काहीच ऐकू येत नाही, आणि परत पाठवताना चिठ्ठीवर ‘रिकामा’ असे लिहिले जाते. मी आमच्या नोंदवहीतला तो रकाना खोडून तिथे ‘वापरून झालेला, वायू शिल्लक’ असे लिहायला लावले होते. लिहायला तो लांब पडतो म्हणून तक्रारी आल्या, पण रकाना तसाच ठेवला.