क्लेम वेगवेगळे मांडले म्हणून

आमचा डबा फॅक्स मशीन आणि कॉम्प्युटरचा मोडेम यांच्यामध्ये बसायचा. दोन्ही नुसत्या वायरने जोडून चालत नाही. टेलिफोन एक्सचेंजकडून येणारे ४८ व्होल्ट नसले की लाइनच मेलेली. ते काम डबा करायचा, रिंगही तोच द्यायचा. मशीनमध्ये कागद घातला की थेट कॉम्प्युटरवर उतरायचा, वेगळा स्कॅनर नको. बाहेरची लाइनही जोडलेलीच राहायची. तिच्यावर फॅक्सचा ११०० हर्ट्झचा सूर, अर्धा सेकंद वाजून तीन सेकंद थांबणारा, ऐकू आला की डबा तो कॉल मशीनकडे वळवायचा.

न्यू जर्सीतून १९९३ साली या डब्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. अर्ज तपासणाऱ्या एक्झामिनरने दोन जुनी पेटंटं पुढे ठेवली: एकात लाइनचे व्होल्ट देणारा डबा, दुसऱ्यात सूर ओळखणारा स्विच. दोन्ही एकत्र करणं कुणाही जाणकाराला सुचलं असतं, म्हणून नामंजूर. क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते सांगणारी कलमं, सुधारून दिले, तरी तेच. दुसऱ्या पत्रावर ‘फायनल’ लिहिलेलं पाहिलं, त्या रात्री घास गिळवेना.

अपिलाची नोटीस दिली की दोन महिन्यांत ब्रीफ, म्हणजे लेखी बाजू, द्यायचं. माझ्या कच्च्या मसुद्यात चौदाही क्लेम एकाच गटात होते. वकीलबाईंनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली नि विचारलं, "एक पडला तर सगळे पडू द्यायचेत?" वेगळी बाजू मांडली नसेल तर अपील ऐकणारं पेटंट ऑफिसचं बोर्ड गटातला एकच क्लेम घेतं आणि त्यावरच सगळ्यांचा निकाल लावतं. हे मला तोवर माहीतच नव्हतं. आम्ही तीन गट पाडले, प्रत्येकाची कारणं स्वतंत्र लिहिली.

सुनावणी वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनला, क्रिस्टल सिटीत. तीन न्यायाधीश, आम्हाला वीस मिनिटं. आमचा मुद्दा एकच होता: पहिल्या पेटंटातला डबा बाहेरची लाइन तोडूनच चालतो. लाइनच तोडली तर स्विचने ऐकायचं काय? मधल्या न्यायाधीशांनी जुनी आकृती पुढे ओढली आणि लाइनवरून बोट फिरवत ती तोडणाऱ्या रिलेपाशी आणलं. तिथे बोट थांबलं. मी मागच्या खुर्चीत श्वास रोखून बसलो होतो.

निकाल कित्येक महिन्यांनी टपालाने आला. सुराचे नऊ क्लेम टिकले. नुसते व्होल्ट देण्याचे पाच पडले, आणि ते मला पटलं. तसा डबा खरंच आधी होता.