फ्लटरचे थर: विजेटच्या खाली काय चालते

फ्लटर, म्हणजे एकाच कोडमधून अनेक प्लॅटफॉर्मसाठी ॲप बनवण्याचे गूगलचे साधन, शिकणारा बहुधा विजेटपासून (बटण, मजकूर असे पडद्यावरचे घटक मांडणारे तुकडे) सुरुवात करतो आणि बराच काळ तिथेच राहतो. त्यात गैर काही नाही. परंतु मांडणी कोलमडली किंवा ॲनिमेशन अडखळू लागले, की दोष कुठे शोधायचा हे खालची रचना माहीत असल्याशिवाय उमगत नाही.

मोबाइल आणि डेस्कटॉपवर ही रचना तीन मोठ्या थरांची आहे. तळाशी असलेला एम्बेडर प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी वेगळा लिहिलेला असतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमशी सगळा व्यवहार तोच करतो. त्याच्यावरचे इंजिन प्रामुख्याने सी प्लस प्लसमध्ये आहे. चित्रांकन आणि मजकुराची मांडणी ही त्याची कामे. सर्वांत वर डार्ट या भाषेतले फ्रेमवर्क, ज्याच्या पोटात पुन्हा थर आहेत: मटेरियल आणि क्युपर्टिनो (अनुक्रमे गूगल आणि ॲपलच्या धाटणीचे तयार घटक) हे विजेट्सवर, विजेट्स रेंडरिंगवर उभे आहेत. कोणत्याही थराला खालच्या थरात खास प्रवेश नाही, त्यामुळे मटेरियलचे बटण ज्या साधनांनी घडले, ती सर्व आपल्यालाही खुली असतात. मला या रचनेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

खरी गुंतागुंत आहे ती फ्रेमवर्कमधल्या विजेट, एलिमेंट आणि रेंडर ऑब्जेक्ट या तीन वृक्षांची. विजेट म्हणजे पडद्यावर काय हवे याचे केवळ वर्णन. ते बदलता येत नाही, म्हणून प्रत्येक बिल्डला, म्हणजे वर्णन पुन्हा उभारताना, नवे तयार होते. एलिमेंट मात्र टिकून राहतो, आणि नव्या विजेटचा प्रकार व ‘की’ (key, विजेटची ओळखखूण) जुन्याशी जुळली तर तोच पुन्हा वापरला जात असल्यामुळे स्टेट (विजेटची चालू स्थिती) हरवत नाही. प्रत्यक्ष मापे ठरवणे आणि रंगवणे हे रेंडर ऑब्जेक्टचे काम: पालक मर्यादा कळवतो, अपत्य त्या मर्यादेत आपले माप ठरवते आणि त्याची जागा पुन्हा पालकच नेमतो. कॉलममध्ये (अपत्ये एकाखाली एक रचणारे विजेट) थेट लिस्टव्ह्यू (सरकणारी यादी) ठेवल्यावर येणारी प्रसिद्ध चूक इथूनच उद्भवते, कारण कॉलम उंचीची मर्यादाच घालत नाही आणि लिस्टव्ह्यूला तर मिळेल तेवढी उंची व्यापायची असते. अपत्याला फक्त उरलेली जागा देणाऱ्या एक्सपांडेड या विजेटने ती का सुटते, हेही मग पाठ करावे लागत नाही.

इंजिनातही मोठे बदल झाले. 2023 मध्ये फ्लटर 3.10 पासून आयओएसवर स्किया या आधीच्या साधनाऐवजी इम्पेलर हे मूळ चित्रांकन साधन झाले. पूर्वी काही शेडर (ग्राफिक्स चिपवर चालणारे रंगवण्याचे छोटे प्रोग्राम) ॲप चालू असतानाच तयार होत, म्हणून पहिल्यांदा दिसणारे ॲनिमेशन अडखळे; इम्पेलरचे शेडर आधीच तयार असतात. विजेटच्या कोडमध्ये कितीही काटकसर केली, तरी हा अडथळा तिथून दूर होण्यासारखा नव्हता.