भाकरी कधी, भात कधी: बेळगावातून मिरामारपर्यंत

गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ पासून जी अर्ध-आयर्नमॅन स्पर्धा होते, तिचा हिशेब असा: समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल मारायची, मग २१.१ किलोमीटर धावायचं. चाळिशी ओलांडलेल्या, नोकरी-घर सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला हा सात-आठ तासांचा मामला. पोहणं तलावावरच्या सरांनी शिकवलं, सायकल आणि धावणं बेळगावच्या चढ-उतारांनी. खाण्याचं मात्र घरीच जमवावं लागलं, आणि आमच्या घरी स्वयंपाकघर आईंचं, म्हणजे सासूबाईंचं.

आहारतज्ज्ञ मॅडमकडे गेले तेव्हा त्यांनी आधी रक्ताचा रिपोर्ट मागितला. हिमोग्लोबिन १०.८. बायकांचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. स्नायूंना प्राणवायू पोचवणारी गाडीच अपुरी, मग राजहंसगडाच्या चढाला छाती भरून येणारच. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मॅडमनी दोनच गोष्टी सांगितल्या: उसळीवर लिंबू पिळा, आणि जेवणानंतर तासभर चहा नको. ‘क’ जीवनसत्त्वानं डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागतं, चहातल्या टॅनिनमुळे ते वाया जातं. ऐकायला सोपं आहे. पण आमच्याकडे ताट उचलायच्या आत चहाचं आधण चढलेलं असतं, तेव्हा यातला दुसरा नियम घरात बराच गाजला.

मसूर मात्र आमच्याकडे कधीच कमी नव्हता. भात निघाल्यावर शहापूर-वडगावच्या काळ्या शिवारात होणारा बारीक जवारी, म्हणजे गावठी, मसूर आई वर्षाचा भरून ठेवतात. चव तर आहेच, शिवाय पन्नास ग्रॅम कोरड्या मसुरात बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. माझं वजन ५६ किलो. एवढा व्यायाम करणाऱ्यानं किलोमागे दीड ग्रॅमच्या पुढे प्रथिनं घ्यावीत असं म्हणतात, म्हणजे मला दिवसाला नव्वदच्या घरात हवी. भाकरीचं पीठ एकदा काट्यावर घातलं: एका भाकरीला साठ ग्रॅम, त्यात सहा ग्रॅम प्रथिनं. आईंना हे मोजणं पटेना. “पीठ मोजून भाकरी थापायची म्हणजे दुकान काढतीस की काय गं?” असं म्हणाल्या, पण दुसऱ्या दिवशी काटा ओट्यावरच ठेवलेला दिसला. तीन भाकऱ्या, वाटीभर उसळ, दोन अंडी, दोन पेले दूध, मूठभर शेंगदाणे, घट्ट दही असं जमवत गेलं की आकडा जवळपास गाठतो. उरलेलं बुधवारी आणि रविवारी चिकन भरून काढतं. प्रोटीन पावडरचा डबा आणला नाही. पावडर वाईट असते असं नाही, गरज पडली नाही एवढंच.

खरी गंमत पुढे आहे. जे रोजच्यासाठी उत्तम, ते मोठ्या राइडच्या आदल्या रात्री आणि सकाळी नको असतं. भाकरी, उसळ, पालेभाजी यांत चोथा भरपूर. पचायला वेळ लागतो, पोट जड राहतं, आणि जांबोटीच्या पुढे जंगलात ते नडतं. म्हणून शनिवारी रात्री आमच्याकडे पांढरा भात, पातळ वरण, वर तूप थोडंसंच. भात डोंगराएवढा, भाजी नावाला. आईंना हे उलटंच वाटायचं. “एवढा भात खातीस आणि भाजी नको म्हणतीस, आणि म्हणे डाएट!” त्यांचंही बरोबर आहे. टीव्हीवर जो तो भात सोडा म्हणून सांगतो. ते दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला सांगितलेलं असतं. पहाटे पाचला सायकलवर बसून कणकुंबीकडे निघणाऱ्याला नाही. स्नायूंत साठणारं इंधन, म्हणजे ग्लायकोजेन, भरायचं तर कर्बोदकं लागतात, आणि ती पोटाला त्रास न देता पोचवायची तर भातासारखं दुसरं काही मला सापडलं नाही.

सायकलवरचं खाणं हा तर वेगळाच अभ्यास. अडीच तासांच्या आत तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पुरतात. त्याहून लांब चालायचं तर नव्वदपर्यंतही घेता येतात, पण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही मिळून. आतड्यांत या दोन साखरांच्या वाटा वेगळ्या असतात, म्हणून एकावरच सगळा भार पडत नाही. महागड्या जेलच्या पाकिटावर हेच लिहिलेलं असतं. आणि आपली साधी साखर? ती निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोजच असते. हे कळल्यावर मी जेलचा नाद सोडला. लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, एक लिंबू, इतकंच. चावायला रताळं. बेळगाव-खानापूरच्या लाल मातीत रताळ्याला तोटा नाही. सीझनला मंडईत ढीग लागलेले असतात. लहान, सडपातळ रताळी निवडायची, उकडून सालं काढायची, गरम असतानाच मीठ चोळायचं आणि एकेक केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळून जर्सीच्या मागच्या खिशात ठेवायचं. पान असलं की घामानं लगदा होत नाही आणि एका हातानं दातानं सोडवता येतं. दीडशे ग्रॅमच्या रताळ्यात तीस ग्रॅम कर्बोदकं. निपाणीकडून आलेली काकवीही वापरून बघितली. चव झकास, पण हात चिकट होऊन ब्रेकचा दांडाही चिकट झाला, तेव्हा ती घरी भाकरीबरोबरच बरी.

पोटालाही सराव लागतो, हे कुणी आधी सांगत नाही. तासाला साठ ग्रॅम एकदम घेतले तर मळमळतं. तीसपासून सुरुवात करून दर दोन-तीन राइडना थोडं वाढवत गेले, तेव्हा कुठे साठ ग्रॅम बिनतक्रार पचायला लागले. पायांचा सराव जसा वहीत लिहायचे, तसाच पोटाचाही.

घामाचं गणित बेळगावात लागत नाही. आम्ही साडेसातशे मीटरवर राहतो, सकाळी हवा गार, वारा भरपूर. चोर्ला घाट उतरून खाली गोव्यात गेलं की अंगावर ओलं घोंगडं टाकल्यासारखं होतं. म्हणून सरावाला एकदा मुद्दाम गोव्यात जाऊन पळाले, आधी-नंतर वजन केलं. तासाभरात एक किलोच्या वर कमी. जेवढं वजन कमी होईल त्याच्या दीडपट पाणी पुढच्या काही तासांत, मीठ-अन्नासकट प्यायचं, हा नियम तिथेच खऱ्या अर्थानं कळला. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि तेही धोक्याचंच.

श्रावणातल्या सोमवारांचा प्रश्न आईंनी परस्पर सोडवला: “साबुदाणा खातीस की नाही? मग कशाला उपास मोडतीस?” खरंच, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. संध्याकाळचं पळणं त्यावर आरामात निघायचं.

स्पर्धेच्या पहाटे पणजीत खोलीवर पोहे केले, शेंगदाणे न घालता, पाण्यात उतरायच्या तीन तास आधी. सायकलवर दोन बाटल्या आणि रताळी, ठरल्याप्रमाणे. धावताना घन काही गळ्याखाली उतरेना, तेव्हा शेवटी पाण्याच्या टेबलांवर मिळणारं गार, गोड ते पीत पीत गेले. वेळेत पोचले. संध्याकाळी मासे-भात, वजनकाटा-बिटा न काढता.

गोळ्यांचा कोर्स संपल्यावर हिमोग्लोबिन १२.३ आलं. डॉक्टर म्हणाले, खाणं असंच ठेवा. चहा अजून जेवणानंतर तासाभरानंच मिळतो. आईंनी तो नियम आता घरातल्या सगळ्यांना लावलाय आणि मामंजी त्यावर माझ्याशी नीट बोलत नाहीत.