थीम काय ठेवायची?

घरापुढची जागा मोजून वीस बाय बारा. एक स्कूटर, एक तुळस आणि उन्हाळ्यात पापडांची खाट मावेल एवढी. तिथं जरा नीटशी बाग करून घेऊ असं घरात ठरलं आणि रविवारी दुपारी, ऐन डोळा लागायच्या वेळेला, बाग करून देणारा मुलगा टॅब घेऊन हजर झाला. पहिलाच प्रश्न, "काकू, थीम काय ठेवायची?"

बारशाला थीम असते, मुंजीलाही असते, हे आता अंगवळणी पडलंय. पण मातीला?

तो फोटो सरकवत गेला. ट्रॉपिकल, मिनिमल, जॅपनीज. जॅपनीजला मी थांबवलं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ही आमची पाहुण्यांना न्यायची ठरलेली जागा. ते जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं. ती मूळची बाग १७०० साली पुरी झाली. तिथून ओकायामाचा किल्ला दिसतो आणि तो बागेतच धरतात म्हणे. शाक्केई, म्हणजे उसनं घेतलेलं दृश्य. मला ही कल्पना फार आवडते. फक्त आमच्याकडं उसनं घ्यायला समोरच्यांची काळी टाकी आणि कठड्यावर वाळणाऱ्या सतरंज्या.

शिवाय जॅपनीज म्हटलं की त्याच्या फोटोत पांढरे गोटे आलेच. त्या गोट्यांशी माझं जुनं वैर आहे. हॉटेलातल्या कुंडीत दिसले तरी एखादा उचलून बघते, खाली माती आहे की थर्माकोल.

"मग लॉन करू," म्हणून त्यानं पिशवीतून नमुन्याचा तुकडा काढला. "बर्म्युडा आहे, काकू." मी हातात घेऊन पाहिला. अहो, हरळी! थोडी शहरात वाढलेली, पण हरळीच. जी काढता काढता आजोबांची कुदळ झिजली, जिच्या मुळ्या राहिल्या म्हणून गड्यांनी बोलणी खाल्ली, ती आता चौरस फुटाच्या भावानं दारात येणार. चतुर्थीच्या दूर्वांच्या एकवीस जुड्यांची सोय होईल, एवढाच फायदा. तेवढं मी त्याला बोलूनही दाखवलं. तो हसला आणि टॅबवर काहीतरी टिपून घेतलं.

आजीच्या परसात कुठली थीम होती, हे मी मग बसून आठवू लागले. गंमत म्हणजे झाडं आधी आठवेनात, पाणी आठवलं. न्हाणीच्या भोकातून बाहेर पडलेलं पाणी आधी केळीला, तिथून कर्दळीला, आणि उरलंसुरलं खाली अळूला. भांडी घासायच्या दगडाचं पाणी वेगळं, ते शेवग्याला. तुळशीला मात्र यातला थेंब नाही, तिचा तांब्या निराळा. जिथं जे पाणी पोचलं तिथं ते झाड, एवढाच तो नकाशा. तो कुणी काढला नव्हता.

सुट्टीत दारं धरायचं काम माझ्याकडं असे. शेतात मोठी माणसं उसाला दारं धरत, मी न्हाणीच्या पाण्याला. टाचेनं माती सारायची, एक आळं भरलं की चिखलाचा बांध घालून पाणी पुढच्याकडं मोडायचं. पाण्यावरून आत कोण आहे ते कळे. आजोबांच्या अंघोळीत केळसुद्धा भिजत नसे. काका आत गेले की धार थेट अळूपर्यंत, आणि वर आजीची हाक, "अरे, आड रिकामा करतोस का रं!" आत्याच्या न्हाण्याचं पाणी शिकेकाईनं तपकिरी यायचं. त्या दिवशी माझ्या पायांनाही शिकेकाईचा वास.

मुलगा निघताना म्हणाला, "काकू, दोन दिवसांत सांगा, मग डिझाइन पाठवतो." मी त्याला आमच्या वॉशिंग मशीनचा पाइप कुठं निघतो ते दाखवलं. त्याला वाटलं, तो झाकायचा आहे. "बांबूची जाळी लावू," म्हणाला.

आजी गेली त्या वर्षी गावाकडचं घर बंद केलं. पुढच्या मे महिन्यात कुलूप उघडायला गेलो तर शेवगा जोरात होता, अळूची नुसती जागा होती आणि केळ वाळून न्हाणीच्या भिंतीवर कललेली. विहिरीला पाणी होतं. अंघोळ करणारं कुणी राहिलं नव्हतं.