सव्वा किलोची ऊब

पाठीवर घर घेऊन रानात जाणाऱ्यांना घराचं क्षेत्रफळ कुणी विचारत नाही, वजन विचारतात. ही मंडळी दात घासायच्या ब्रशची दांडी अर्ध्यात कापतात, तंबूच्या खुंट्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतात आणि दोन खुंट्यांत चार ग्रॅमचा फरक निघाला की हरखून जातात. अशा लोकांच्या हाती टायटॅनियमच्या पत्र्याने एक वस्तू आणून दिली आहे. तंबूत पेटवायची लाकडाची शेगडी, वजन धुराड्यासकट सव्वा ते दीड किलो. लडाख-काश्मीरला हिवाळ्यात जाऊन आलेल्यांनी बुखारी पाहिली असेल, पत्र्याची पेटी आणि छतातून बाहेर गेलेलं धुराडं. ही तीच, फक्त सुटी करून पाठपिशवीत मावणारी.

मी अमेरिकेत, मिनेसोटात राहतो. इथे जानेवारीत दारातली गाडी काढणं हेच एक काम असतं, तिथे हौसेने बाहेर झोपायला जाणाऱ्याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं. पण जातात लोक. राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून बाउंडरी वॉटर्स नावाचं राखीव रान आहे. दहा लाख एकरांहून मोठं, हजाराहून जास्त तळी. उन्हाळ्यात त्यात होड्या वल्हवायच्या आणि हिवाळ्यात त्याच तळ्यांच्या बर्फावरून सामानाची घसरगाडी कमरेला बांधून ओढत न्यायची. मोटारीला मज्जाव, त्यामुळे जे न्याल ते तुमच्याच कमरेला. तिथून जवळच्या टॉवर नावाच्या गावात २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा उणे ५१ अंश सेल्सिअसवर उतरला होता, तो राज्याचा विक्रम. तेवढं आमच्या वाट्याला येत नाही. उणे वीस-पंचवीस मात्र तिथे कुणी बातमी म्हणून सांगत नाही.

शेगडी थंडीसाठी असते असं न जाणाऱ्यांना वाटतं. नुसत्या थंडीला चांगली स्लीपिंग बॅग पुरते. खरा छळ ओलीचा. रात्रभर आपण जो श्वास सोडतो तो तंबूच्या कापडाला आतून लागून गोठतो आणि पहाटे कुणी कूस बदलली की भुरभुर मानेवर पडतो. अंगातून निघणारी वाफ स्लीपिंग बॅगच्या पिसांत जाऊन बसते, तिथेच गोठते, आणि बॅग रोज थोडी जड, थोडी पातळ होत जाते. घामेजलेले बूट सकाळी ओंडक्यासारखे कडक. दोन-तीन दिवस माणूस रेटून नेतो, पुढे मात्र सगळंच दमट आणि सगळंच गार. शेगडी असली की तंबूत आडवी दोरी बांधता येते. तिच्यावर मोजे, हातमोज्यांची अस्तरं, टोप्या, कुणाची तरी बनियन. त्यांतून वाफा निघत असतात आणि वासाबद्दल कुणी बोलत नाही. वर दोरीवर मोजा तासाभरात कुरकुरीत वाळतो आणि त्याच वेळी खाली जमिनीवर ठेवलेल्या बाटलीतलं पाणी गोठत असतं, कारण ऊब सगळी छताला जाऊन चिकटते. बसलेल्या माणसाच्या कपाळाला घाम आणि पायांना मुंग्या.

नवी शेगडी घरी आली तेव्हा ती हॉलमध्ये जोडून मी साताऱ्याला आईला व्हिडिओवर दाखवली.

"तंबूत? कापडाच्या? अरे, पेटलं म्हणजे?"

मी तिला धुराड्याचं तोंड, तंबूच्या कापडाला जिथून धुराडं बाहेर जातं तिथलं न जळणारं ठिगळ, ठिणग्या अडवायची जाळी, सगळं दाखवलं. ती जरा वेळ बघत राहिली.

"म्हणजे बंबच की रे हा. पाणी नसलेला."

तिने आमच्या जुन्या घरात वर्षानुवर्षं पहाटे तांब्याचा बंब पेटवलाय. मधल्या नळीत ढलप्या टाकायच्या, खाली राख पडायची, भोवतीचं पाणी तापायचं. तिला या पेटीत काहीच नवल वाटलं नाही. तिचा पुढचा प्रश्न होता, "राख कुठे टाकता?" इतक्या लोकांना शेगडी दाखवली, पण हे विचारणारी ती एकटीच. (राख पूर्ण विझली, थंड झाली की तळ्यापासून लांब, रानात पसरून द्यायची.)

या सगळ्यातली अजब गोष्ट म्हणजे धुराडं. दोन-अडीच मीटरची नळी पाठपिशवीत कशी जाणार? ती नळी नसतेच. असतो टायटॅनियमचा पत्रा, जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, आखूड गुंडाळी करून ठेवलेला. मुक्कामी पोचलं की तो उलगडायचा आणि दुसऱ्या दिशेने, लांबीत गुंडाळून त्याची नळी करायची. पहिल्यांदा दोन माणसं लागतात. एकाने टोक घट्ट धरायचं, दुसऱ्याने गुंडाळत जायचं आणि वरून एकेक कडी सरकवायची. पत्र्याची कड ब्लेडसारखी धारदार, म्हणून हातमोजे घालून. पहिल्या खेपेला तो पत्रा भांडतो. एक कडी बसली की दुसऱ्या टोकाला फट्‌कन उलगडतो, आणि उणे पंधरात दोन सुशिक्षित माणसं एकमेकांशी अतिशय थोडक्या शब्दांत बोलू लागतात. म्हणूनच पहिलं पेटवणं घरामागच्या अंगणात उरकून घ्यायचं. एकदा सणसणीत जाळ लागला की पत्रा तो वळ लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी बराचसा आपणहून गोल होतो. त्याच पहिल्या जाळात त्याचा करडा रंग जाऊन आधी सोनेरी, मग जांभळा, मग निळा असे पट्टे धुराड्यावर चढत जातात. रंग कुठलाच नसतो. धातूवर ऑक्साइडचा अतिपातळ थर बसतो, त्याच्या वरून आणि खालून परतणाऱ्या प्रकाशाचा तो खेळ. पैठणीच्या पदराला शोभतील असे रंग, आणि बघायला आम्ही चार दाढीवाले.

पेटवणं सोपं, लाकूड मिळवणं अवघड. जिवंत झाडाला हात लावायचा नाही हा नियम, आणि जमिनीवर पडलेलं लाकूड बर्फाखाली भिजलेलं. हवं असतं उभं वाळलेलं झाड. स्प्रूस किंवा टॅमरॅक, साल गळून गेलेलं. कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकलं की टणटणीत वाजलं पाहिजे, बद्द वाजलं तर पुढे चला. तळ्याच्या काठापासून आत जाऊन करवतीने कापायचं, ओढून आणायचं, वीत-वीत लांबीचे तुकडे करायचे, कारण पेटी एवढीशी. मग ते मनगटाएवढे जाड राहतील इतपत फोडायचे, थोडे बोटाएवढे. बर्च झाडाची गळालेली साल मिळाली तर ती ओली असली तरी भडकते, तिच्यात तेल असतं. पेटीच्या खाली दोन जाड ओंडके आडवे टाकावे लागतात, नाहीतर शेगडी खालचा बर्फ वितळवत मजेत खाली जाते आणि धुराडं तिरकं होतं.

आमच्यातला एकजण सहलीआधी सगळ्या सामानाची वजनं एक्सेलमध्ये मांडतो. शेगडीला रकाना, करवतीला रकाना, चमच्याला रकाना. लाकडाला रकाना नाही, कारण ते पाठीवर नेत नाहीत. संध्याकाळी तोच माणूस ओंडक्यावर बसून पाठ चोळत असतो.

आणि मग रात्री कळतं की शेगडी हलकी कशी झाली. जुन्या बिडाच्या शेगडीचं वजन म्हणजे साठवलेली ऊब होती. आग विझली तरी बीड तासन्‌तास तापलेलं. आईच्या बंबाची ऊब पाण्यात राहायची, सकाळी पेटवलेल्या बंबाचं पाणी दुपारी धुण्याला कोमट मिळायचं. या पेटीत साठवायला काहीच नाही. पत्रा मिनिटभरात लालबुंद होतो, तंबू दहा मिनिटांत शर्टावर बसण्याजोगा होतो, आणि लाकूड संपलं की तितक्याच तत्परतेने सगळं जातं. तंबूचं कापड नायलॉनचं, एकपदरी. ते उबेला धरून ठेवत नाही. धुराड्यातली झडप अर्धी ओढली, जाडजूड गाठींचं लाकूड घातलं तर फार तर तासभर. म्हणजे रात्री दहाला छान उबेत झोपलेला माणूस मध्यरात्री बाहेरच्याच तापमानात झोपलेला असतो. वजन कमी झालं ते पेटीचं. उरलेलं कुणाच्या तरी झोपेवर येऊन पडलं.

हे काही आजचं नाही. हेन्री हॉपकिन्स सिब्ली या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवाशांचे टीपी नावाचे शंकूसारखे तंबू पाहून लष्करासाठी तंबू बेतला आणि १८५६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. मधोमध एकच खांब, डझनभर शिपाई पाय मधे करून चक्राकार झोपायचे. सोबत त्याचीच पत्र्याची शेगडी, तीही शंकूसारखी, बिनबुडाची, सरळ जमिनीवर ठेवायची. तंबू लष्कराला इतका पसंत पडला की दर नगामागे त्याला पाच डॉलर मिळायचे ठरले. पुढे यादवी युद्ध लागलं आणि सिब्ली गेला दक्षिणेच्या बाजूला. उत्तरेच्या सरकारने त्याचे तंबू हजारोंनी शिवून घेतले, त्याच्याविरुद्ध लढणारे शिपाई त्याच्याच तंबूत झोपले, आणि त्याला एक डॉलर मिळाला नाही. १८८६ मध्ये तो गरिबीत गेला. मला तंबूत पडल्या पडल्या या माणसाची आठवण येते. पेटंट घ्यावं आणि नेमकं गिऱ्हाइकाशीच युद्ध करावं!

त्याच्याही आधी आणि नंतरही, शेगडी कशी वापरावी हे ज्यांना खरं कळलं ते उत्तरेत राहणारे लोक. कॅनडात लॅब्रॅडॉर आणि क्वेबेकमधले मूळ रहिवासी, इन्नू शिकारी, कॅनव्हासच्या तंबूत पातळ पत्र्याची शेगडी ठेवतात आणि जमिनीवर फर नावाच्या झाडाच्या कोवळ्या डहाळ्या दाट, एकाच दिशेने टोचून बसवतात. अंथरूणही तेच आणि सुवासही तोच. त्यांच्याकडे शेगडी ही हौस नाही. त्यावर स्वयंपाक, त्यावर बर्फ वितळवून पाणी, तिच्याभोवती घर.

आणि फिनलंडच्या लष्कराने तर झोपेचा प्रश्न कागदोपत्री सोडवलाय. तिथे पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा, आणि थंडीत तंबूत मधोमध शेगडी. रात्रभर पाळीपाळीने एक शिपाई तिच्याशी जागा राहतो. लाकूड घालायचं, ठिणगी उडाली तर बघायचं, वेळ झाली की पुढच्याला उठवायचं. त्या जाग्या माणसाला नावच आहे, किपिनामिक्को. बाकीचे निर्धास्त घोरतात. इतकं साधं की आपल्याला सुचू नये, कारण आपण शेगडीच सुधारत बसतो.

जागं राहण्याला दुसरंही कारण आहे आणि ते गमतीचं नाही. धुराड्याच्या जाळीत काजळी साचली की धूर उलटा तंबूत येतो. काठीने धुराडं बाहेरून ठोकलं की काजळी झडते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण धूर दिसतो, डोळ्यांना झोंबतो, माणूस खोकत उठतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. अॅडमिरल रिचर्ड बर्ड १९३४ मध्ये अंटार्क्टिकातल्या बर्फात पुरलेल्या झोपडीत महिनोन्‌महिने एकटा राहिला होता, तेव्हा शेगडीच्या नि इंजिनाच्या वायूने त्याला असं काही खंगवलं की सोबत्यांना ध्रुवीय रात्रीतून त्याला गाठावं लागलं. म्हणून आम्ही बॅटरीवरचा एक धोक्याची सूचना देणारा डबा नेतो आणि तंबूच्या खालच्या बाजूला चार बोटं फट ठेवतो. एवढा खटाटोप करून ऊब करायची आणि मग मुद्दाम थंडीला आत यायला जागा ठेवायची. झोपताना आग पूर्ण विझू द्यायची हा आमचा आताचा नियम. पेटती ठेवायची तर कुणीतरी जागं पाहिजे, यात तडजोड नाही.

सध्या वाद चालू आहे कॅनव्हासचा. एका गटाचं म्हणणं, नाहीतरी घसरगाडी ओढायचीच आहे, तर कॅनव्हासचा जड तंबू आणि पोलादी शेगडी का नेऊ नये? कॅनव्हास श्वास घेतं, ठिणगीने लगेच भोक पडत नाही, आणि पोलाद जरा वेळ तरी तापलेलं राहतं. एक्सेलवाल्याने अर्थातच विरोध केलाय, फरक पंधरा किलोंच्या घरात जातो. मी कॅनव्हासच्या बाजूने आहे, कारण घसरगाडी ओढायची पाळी त्याची असते आणि पहाटे दोनला उठायची माझी. तरी यंदा पाळीपत्रक आधीच केलंय, फिनिश पद्धतीने, एक-एक तासाचं. आमच्यातला जो सगळ्यात जास्त घोरतो त्याला दोन ते चार अशी सलग दोन तासांची पाळी दिली. तो म्हणाला हा अन्याय आहे. बाकीच्यांनी मतदान घेतलं.