थर्मामीटरवर नुसतं 'लो'

दवाखान्याचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात एक काका बुटांचा खोका छातीशी धरून वाकून आत आले. खोक्यात जुना बनियन, त्यावर मांजरीची तीन पिल्लं. आई आदल्या संध्याकाळी गाडीखाली गेली होती.

"दोन ठणठणीत आहेत. हे काळं गेलंय बहुतेक, तेवढं बघा."

डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, वाळलेली नाळ अजून पोटाला. म्हणजे फार तर तीन-चार दिवसांची. काळं पिल्लू हातात घेतलं तर ओल्या फडक्यासारखं गार. वजन ८८ ग्रॅम. थर्मामीटर लावला, तर आकडाच नाही, नुसतं 'लो'. आमचा थर्मामीटर ३२ अंश सेल्सियसच्या खाली वाचत नाही आणि या वयात अंग ३६ च्या आसपास असायला हवं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप टेकवला. ठोके होते, पण फार सावकाश.

इतकी वर्षं मदतनीस म्हणून काढली, तरी अशा वेळी माझा हात आधी दुधाकडेच जातो. डॉक्टर नुसतं म्हणाले, "ऊब." गारठलेल्या पिल्लाची आतडी थंडावलेली असतात, दूध पोटात तसंच पडून राहतं. गिळण्याचीही ताकद नसते. पहिल्या आठवड्यात तर त्यांना थरथरून स्वतःला गरम ठेवणंही जमत नाही. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवली. दुसरी बाजू मोकळी, गरम झालं तर पिल्लाला सरकता यावं म्हणून. हे कुठलं सरकतंय! दर थोड्या वेळाने मीच त्याची कूस बदलत होते. डॉक्टरांनी हिरडीला ग्लुकोजचा थेंब चोळला.

एकीकडे मी केसपेपर भरत होते. "बाकीच्या दोघांना पाजलंत का काही?"

"हो तर. गाईचं दूध, चमच्याने. मांडीवर उताणं घेऊन, बाळाला पाजतात तसं."

माझं पेन थांबलं. केशरी पिल्लू तिघांत सगळ्यात जास्त ओरडत होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. उचलून पाहिलं तर नाकपुडीशी दुधाचा बुडबुडा. छातीत बारीक घरघर. डॉक्टरांनी बराच वेळ ऐकलं, मग ऑक्सिजन लावायला सांगितला आणि इंजेक्शन भरलं.

काळ्याचा पहिला आकडा दिसला तो ३३.१. तासाभराने ३५.८. डॉक्टरांनी करंगळीचं टोक त्याच्या तोंडात दिलं, तर जिभेची पन्हळ करून त्याने ते ओढलं. "आता दूध." पिल्लांसाठीची दूध पावडर कोमट पाण्यात कालवून, पिल्लाला पालथं धरून, सिरिंजने थेंब थेंब. दोन मिली प्यायलं.

मग कोमट पाण्यात भिजवलेला कापूस काकांच्या हातात दिला. आईने चाटल्याशिवाय इतक्या लहान पिल्लांना शी-सू होत नाही, हे त्यांना नवीन होतं. चष्मा कपाळावर चढवून ते अगदी पूजेच्या तन्मयतेने कापूस फिरवत बसले. "आली! आली!" बाहेर बाकाखाली झोपलेला लॅब्रेडॉर दचकून उठला.

केशरी पिल्लू चार वाजता गेलं.

"माझ्या चमच्यामुळे का?" काकांनी विचारलं. मी असते तर खोटं बोलले असते. डॉक्टर म्हणाले, "दूध फुप्फुसात गेलं होतं. उताणं पाजलं की जातं." मला तेव्हा रागच आला त्यांचा. पण दोन पिल्लं परत त्याच खोक्यातून, त्याच हातांत जाणार होती, आणि रात्रभर दर दोन-तीन तासांनी पाजायचं होतं.

दुसऱ्या दिवशी काका आले ते वहीचा कागद घेऊन. पट्टीने आखलेले रकाने. वेळ, दूध, सू, वजन. काळ्याचं ९५ झालं होतं. रात्री दोनच्या ओळीत '२ मिली' लिहून पुढे बारीक अक्षरात कंस केला होता: (पालथं धरून).